तिचं मले आणि माझं मले

संस्थेच्या कार्यक्रमात जर्मन हॅना माईकजवळ गेली आणि म्हणाली, "मले नागपूर लय आवडते."

टाळ्या. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून विरघळल्या. एका काकांनी मोबाइल वर धरून पुन्हा म्हणायला लावलं. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा टाळ्या.

मग मॅडमनी माझं नाव घेतलं. मॅडम म्हणजे संस्थेच्या संचालिका. आमच्या वस्तीतल्या त्यांच्या केंद्रात मी चार वर्षं पहिलीची पोरं शिकवत होते, बिनपगारी, स्वयंसेविका म्हणून. दोन शब्द बोल म्हणाल्या. मी माईक धरला. "मले बोलाची सवय नाई, पण..."

मॅडमनी माईक माझ्या हातातून काढून घेतला. हसत हसत. "मला. मला म्हणायचं. पदवी घेतलीस ना तू?" आणि लोकांकडे वळून, "ह्यांच्याकडे असंच बोलतात. आमचं काम किती कठीण आहे, बघा."

लोक हसले. मघाचेच लोक. मध्ये पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती. तिच्या मलेला टाळ्या मिळाल्या आणि माझ्या मलेला हसू. मी खाली येऊन खुर्चीत बसले तेव्हा माझे कान तापले होते.

माझी पदवी मराठीचीच आहे. हे सगळं मी प्रमाण मराठीत लिहितेय ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नाही. मला ती येते हे मॅडमच्या डोळ्यांपुढे छापून यावं म्हणून लिहितेय. घरची भाषा घरी बोलावी आणि परीक्षेची परीक्षेत, एवढं मला आठवीतच कळलं होतं. त्या दिवशी सभागृहात सगळे वस्तीचेच लोक मागे बसले होते, म्हणून तोंडातून घरचं निघालं. बस, एवढाच गुन्हा.

हॅना जर्मनीहून आली होती. दहा महिन्यांसाठी, स्वयंसेविका म्हणूनच. तिला "स्थानिक कुटुंबाचा अनुभव" हवा होता, म्हणून संस्थेने तिला आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. आमची परवानगी विचारली होती, खोटं कशाला बोलू. आईच हो म्हणाली. पोरगी एवढ्या लांबून येते, कुठं राहील बिचारी, म्हणाली.

पहिला आठवडा ती रडली. दाराला कडी लावून बसायची. आमच्याकडे भरदुपारी दार लागलं की घरात कोणीतरी आजारी आहे असं धरतात. दोनदा शेजारीण विचारायला आली, एकदा तर सोबत सफरचंदं घेऊन. मी हॅनाला समजावलं की इथे दार उघडं ठेवायचं आणि पडदा ओढायचा. नळ सकाळी पाऊण तास येतो, तेवढ्यात सगळं भरून घ्यायचं हे शिकवलं. एका बादलीत अंघोळ शिकवली. एप्रिलमध्ये कूलरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या कशा ठेवायच्या, उन्हात जाताना तोंडाला ओढणी कशी बांधायची, ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, सगळं मी शिकवलं. कांदा तिने खिशात ठेवला आणि त्याचा फोटो काढून घरी पाठवला.

भाषा मात्र तिने आईकडून घेतली. आई धरमपेठेत तीन घरची भांडी घासते. दुपारी घरी आली की हॅनाला समोर बसवून भाजी निवडायला द्यायची आणि बोलत राहायची. "तुले भूक लागली का वं? जेवून घे मंग." हॅना तसंच्या तसं उचलायची. हुशार होती, नाही म्हणत नाही.

एक दिवस तिने आमच्या मोरीत बसून चार भांडी घासली. संस्थेच्या माणसाने फोटो काढला. तो फोटो मोठा करून कार्यालयाच्या भिंतीवर लावला, खाली लिहिलं, "मातीशी नातं". आई एकोणीस वर्षं भांडी घासते. तिचं नातं कशाशी आहे ते कोणी लिहिलं नाही. तिचा फोटो फक्त आधार कार्डावर आहे.

मग ती 'वं'ची गंमत झाली. आमच्याकडे बाईला आपुलकीने 'वं' म्हणतात. पण कोणाला म्हणायचं आणि कोणाला नाही, हे आम्हाला न सांगता कळतं. मैत्रिणीला, बहिणीला, आईला चालतं. साहेबीण बाईला म्हटलं तर संपलं. हे हॅनाला सांगायचं राहून गेलं. ती कार्यालयात गेली आणि मॅडमना म्हणाली, "काय करून राहिली वं?"

सगळं कार्यालय मॅडमकडे बघू लागलं. मॅडम खो खो हसल्या. तिचा गालगुच्चा घेतला. ती गेल्यावर मला आत बोलावलं. दार लावलं. "हे काय शिकवतेस तिला? ती इथून झोपडपट्टीची भाषा घेऊन जाणार का?" मी खाली मान घालून सॉरी म्हणाले. आज ते सॉरी आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सभागृहातल्या त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी माझा वर्ग काढून घेतला. पुढच्या महिन्यात परदेशातून देणगीदार येणार होते, पोरांनी शुद्ध बोललं पाहिजे, म्हणून नवीन ताई नेमल्या. मॅडम मला म्हणाल्या, "तू तोवर चहापाण्याचं बघ. भाषा सुधारली की वर्ग परत तुझाच." मी मान हलवली. तो वर्ग माझा जीव होता. बावीस पोट्टे, त्यातले अर्धे शाळेत मार खाऊन मुके झालेले. छकुली तर दोन महिने एक अक्षर बोलली नव्हती. तिसऱ्या महिन्यात मी तिच्याजवळ बसून विचारलं, "काहून रडून राहिली वं?" तेव्हा कुठे ती बोलली, आणि मग थांबेचना. वर्ग परत मिळेल या आशेवर मी बावीस दिवस कप विसळले.

तेविसाव्या दिवशी मी ट्रे घेऊन वर्गात शिरले. नवीन ताई फळ्याजवळ उभ्या होत्या. हॅना मागे मुलांमध्ये मांडी घालून बसली होती. छकुली उभी होती, पाय आवळून.

"मले लघवीले जाच हाय," छकुली म्हणाली.

"नीट बोल," ताई म्हणाल्या. "मला लघवीला जायचे आहे. म्हण. म्हणालीस की जा."

छकुली म्हणाली, "मले..."

"मला."

छकुलीने तोंड उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं. मग सतरंजी ओली झाली. पोरं हसली. माझीच पोरं, मी शिकवलेली, त्या सभागृहातल्या लोकांसारखी हसली.

मी हॅनाकडे पाहिलं. हॅनाला सगळं समजलं होतं. मले आणि मला यातला फरक तिला माझ्याइतकाच माहीत होता, त्याच शब्दावर तिने टाळ्या घेतल्या होत्या. ती खाली सतरंजीकडे बघत बसली. 

मी ट्रे जमिनीवर ठेवला. चार कप सांडले ते सांडू दिले. छकुलीला उचललं, तशीच ओली, कडेवर घेतलं. ताई म्हणाल्या, "अहो, चहा?" मी म्हणाले, "तुमीच प्या." आणि बाहेर पडले.

छकुलीच्या आईला सगळं सांगितलं. ती संतापली नाही, ती रडली, आणि त्याने माझा संताप दुप्पट झाला. मग मी घरोघर फिरले. बावीस घरं. प्रत्येक घरात बसून तीच गोष्ट, तेच शब्द, काही वाढवलं नाही. वाढवायची गरजच नव्हती. आई सोबत होती. शेवटच्या घरी आईच बोलली, "आपल्या पोट्ट्यायले मुतू देत नाई त्या, आपली बोली बोलली म्हणून."

देणगीदार आले तो दिवस मी मुद्दाम निवडला. हे लपवत नाही. आधीच सांगून पोरं काढता आली असती. मला सांगायचं नव्हतं. मला मॅडमचा चेहरा बघायचा होता. पाहुणे दोन गाड्यांतून उतरले, हार होते, फुगे होते, अंथरलेल्या सतरंजीवर एकही पोर नव्हतं. बावीसच्या बावीस समोरच्या ओट्यावर माझ्याजवळ बसून मोठ्याने पाढे म्हणत होती.

मॅडम रस्ता ओलांडून आल्या. मागे हॅना. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मुलांना पाठव. आपण नंतर बोलू. तुझा वर्ग तुला देते."

"आता नको."

"मी तुला घडवलं. तुमच्याकडच्या मुलीला कोण उभं करतं गं?"

मग मी ते बोलले. मागच्या वर्षी मी कागद द्यायला त्यांच्या फ्लॅटवर गेले होते. मॅडम आंघोळीला होत्या. आतल्या खोलीत त्यांची म्हातारी आई पलंगावर होती. आता पोरांजवळच्या त्या ओट्यावर उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, "मॅडम, तुमच्या आईनं मले पाणी मांगलं होतं. 'मले पाणी दे वं पोरी, लय तहान लागली' म्हणाल्या. तुमी बाहेर आल्या अन् दार लावून घेतलं. त्यायलेही पाणी द्याच्या आधी शुद्ध बोलाले लावता का?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. म्हातारीला मध्ये ओढलं हे बरं नाही केलं, असं नंतर दोघीतिघी म्हणाल्या. मला अजून तसं वाटत नाही. तो चेहरा मी जपून ठेवला आहे.

हॅना त्याच आठवड्यात आमच्या घरून गेली. जाताना दारात म्हणाली, "तू माह्यावर नाराज आहे का वं?" मी तिला माफ केलं नाही. तू त्या दिवशी वर्गात होतीस, असं म्हणाले, आणि आत गेले. आईने तिला बसपर्यंत पोचवलं. तो आईचा स्वभाव आहे, माझा नाही.

केंद्र ज्या समाजमंदिरात चालायचं ते वस्तीच्या मालकीचं. बायकांची बैठक झाली आणि संस्थेला जागा नाकारली. आता तिथे माझा वर्ग भरतो. पोरं आधी घरच्या बोलीत लिहितात, मग प्रमाण शिकतात, आणि दोन्ही धडाधड बोलतात. लघवीला जायला कोणी विचारत नाही, उठतात आणि जातात.

मध्यंतरी कळलं, मॅडमनी रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीत नवीन जागा बघितली आहे. मी कालच तिथे जाऊन आले. चार घरी चहा प्यायले. रविवारी पुन्हा जाणार आहे, छकुलीच्या आईला घेऊन. त्या ज्या ज्या वस्तीत सतरंजी अंथरतील, तिथे मी त्यांच्या आधी जाऊन बसलेली असेन.