मोसली आणि मुसली

मला तेलुगू येत नाही, हे हैदराबादेत फक्त तिघांना ठाऊक होतं: मी, बायको सुमन आणि आमचा भाजीवाला.

भाषावार प्रांतरचनेचे दिवस. एका वाक्यात तीन भाषा घुसळणाऱ्या आमच्यासारख्यांना अचानक एकच भाषा निवडायची होती. ऑफिसातले निम्मे मराठी कारकून बदली होऊन औरंगाबादला गेले. सुमनला हैदराबादेतली आमची चिक्कडपल्ली सोडायची नव्हती. म्हणून नव्या तेलुगू साहेबांनी "तेलुगू वच्चा?" असं विचारताच मी छातीठोकपणे "वच्चु!" म्हणालो. (माझं तेलुगू तिथेच संपलं.)

साहेब खूश! त्यांच्या बायकोने नृत्यातून पुराणकथा सांगायचा कार्यक्रम ठेवला होता, सहकुटुंब. त्यांची मुलगी नाचणार, तिचे गुरुजी तेलुगूत गाणार आणि मराठी कुटुंबांना गोष्ट मी समजावणार!

"अहो, गोष्ट कुठली ते तरी विचारा," सुमन म्हणाली.

"विचारलं तर येत नाही असं वाटेल!"

रविवारी मलकपेठेपासूनची मराठी मंडळी मुलाबाळांसह हजर. पहिल्या रांगेत नांदेडहून आलेली माझी आत्या. मुलीने हात सोंडेसारखा डुलवत प्रवेश केला. सोपं होतं!

"गणपतीबाप्पा आले!" मी गरजलो. सगळे मराठी लोक उठून हात जोडून उभे राहिले. तेलुगू मंडळी चकित होऊन आमच्याकडे बघू लागली.

तेवढ्यात गुरुजींच्या गाण्यात "मोसली, मोसली" ऐकू आलं. भाजीवाला आपल्या आईला 'मुसली' म्हणतो, म्हणजे म्हातारी, हे मला पक्कं माहीत होतं.

"एक म्हातारा भक्त आलाय!" मी म्हणालो. मुलगी एक पाय ओढत तळमळू लागली. "त्याने देवाचे पाय धरलेत. सोडतच नाही!"

"सोडू नको रे बाबा!" आत्या ओरडली.

बाप्पा लाथा झाडू लागले. "देव परीक्षा घेतोय," मी सावरलं. मुलीने कमळ उंचावलं. "देव प्रसन्न झाला!" मग साक्षात विष्णू आले, बोटावर चक्र फिरलं आणि... म्हाताऱ्याचं मुंडकं उडालं!

एक पोरगं भोकाड पसरून रडू लागलं. आत्या थेट रंगमंचापाशी.

"का गं पोरी, त्या म्हाताऱ्यानं काय घोडं मारलं होतं तुमचं? पायाच पडत होता ना?"

मुलगी रडकुंडीला आली. गुरुजींचं गाणं थांबलं. साहेब उठले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "आजी, ही गजेंद्राची गोष्ट. हत्तीचा पाय मगरीने धरला होता. मोसली म्हणजे मगर."

"साहेब, तुम्हाला मराठी येतं?" मी कसंबसं विचारलं.

"परभणीच्या शाळेत शिकलोय मी. तुम्ही तेलुगू कुठे शिकलात?"

सुमनने पदर तोंडात कोंबला. ती हसत होती. साहेब अजिबात नाही.

माझी बदली झाली नाही. जुन्या उर्दू फायलींच्या खोलीत मला बसवलं, जिथे कुठलीच भाषा बोलावी लागत नव्हती. पण मगरीचा खुलासा आत्याने काही मानला नाही. "साहेब झाला तरी परका तो. माझा भाचा खोटं कशाला सांगेल?" म्हणत तिने ती कथा नातलगांत घरोघरी पोचवली. तेव्हापासून आमच्यात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. सगळे लांबूनच नमस्कार करतात.

आयुष्यात माझ्या हातून घडलेली ही एकमेव समाजसुधारणा!