बंदुकीला पाजलेलं खोबरेल

अन्याय झाला तो हायस्कूलच्या शिपाईमामांवर, चतुर्थीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, प्रार्थनेच्या आधी. चिनी आक्रमणानंतर शाळेत आलेली छऱ्याची बंदूक त्यांनीच मोडली, असं ठरवून त्यांना घरी बसवलं.

बंदूक बाजारातल्या शिलाईमशिनी दुरुस्त करणाऱ्याकडे आली. त्याच्या बाकावर मी रोज वर्तमानपत्र वाचतो; त्या दिवशी शाळेतल्या मुलांचे चार पालकही तिथे टेकले होते. हा माणूस गिऱ्हाइकाशी बोलत नाही, यंत्राशी बोलतो. नळी खाली ओढली तरी आतली स्प्रिंग खटक्यात अडकत नव्हती. नळीवरची पकड न सोडता त्याने बंदुकीला विचारलं, "खंय दुखता गो तुका?"

मला बसवेना. "लवकर बघा हो, एका माणसाची नोकरी अडकलीय!"

त्याने मानही वर केली नाही. एकेक स्क्रू काढून बशीत ठेवला, चिंधीने खटका पुसला. चिंधीवर मेणासारखं साकळलेलं तेल आलं.

तेवढ्यात कवायतीचे मास्तर बंदूक न्यायला आले. त्याने चिंधी थेट त्यांच्या नाकाशी धरली. "मास्तरांनू, हिका कोणी मोडूक नाय. खोबरेल पाजल्यानी हिका."

"खाऱ्या हवेत गंज चढू नये, म्हणून मीच रोज..." मास्तर बोलून गेले.

"मगे शिपाई घराक कित्याक?"

माणसाला प्रश्न विचारताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. मास्तर बंदूक तिथेच टाकून निघून गेले. शिपाई अजून घरीच आहेत.

पालकहो, तुमच्यापैकी चौघांनी बाकावर बसून हे ऐकलं आहे. उद्या शाळा भरायच्या आधी फाटकाशी या, आणि शिपायांना कामावर घेतल्याशिवाय मुलांना आत सोडू नका.