गल्लीपलीकडे नेलेला वॉर्ड

मेट्रननी मला ते जिन्यात सांगितलं. मी वर चालले होते, त्या खाली येत होत्या. पुढच्या महिन्यापासून बाळंतिणींचा वॉर्ड आणि त्याला लागून असलेला नवजात बाळांचा कक्ष तू बघायचा, नर्स मॅनेजर म्हणून, असं त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या औषधांच्या ट्रेकडे बघून, तो आधी पोचव, असंही म्हणाल्या. मी ट्रे पोचवला. कुठल्या खाटेला काय द्यायचं ते चुकले नाही, पण एका बाईचं मुलगी झाल्याबद्दल दोनदा अभिनंदन केलं.

आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी शिपायांपैकी. पूर्वज राजाच्या घोडदळात होते असं वडील सांगतात. पुढच्या पिढ्यांनी घोडे सोडले आणि शाळा, बँक, टपाल खातं धरलं. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण ती अशी की पुण्याहून आलेले पाहुणे सुरुवातीला नुसते हसून मान डोलावतात. त्या संध्याकाळी बातमी सांगितली तेव्हा आई चपातीचं पीठ मळत होती. ती म्हणाली, "म्हंजे आता सुई टोचायची नाही, सुम्ने फिरायचं, अल्वा?" सुम्ने म्हणजे उगाच, अल्वा म्हणजे नाही का. वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, फिरणार नाही ती, फिरवणार आहे. मी ओट्याला टेकून उभी होते आणि माझं हसू थांबत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या वॉर्डात मनातल्या मनात खाटा हलवत आले होते, वेळा बदलत आले होते. आता ते मोठ्याने म्हणता येणार होतं.

एका गोष्टीची मात्र धास्ती होती. वॉर्डात माझ्याहून ज्येष्ठ एक सिस्टर होत्या, तलकाडकडच्या. मी शिकून नुकती आले तेव्हा बाळाला पहिली अंघोळ कशी घालायची ते त्यांनीच मला दाखवलं होतं. सगळे त्यांना अक्का म्हणत. ही जागा त्यांना मिळणार असं सगळ्यांनी धरलं होतं, मीसुद्धा.

पहिल्या दिवशी मी सवयीने थेट एका खाटेपाशी गेले आणि रक्तदाब बघायला पट्टा बांधू लागले. अक्का आल्या, पट्टा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, हे आम्ही करू, तुम्ही तुमचं बघा. त्या मला ‘नीवु’ म्हणाल्या. कन्नडमधलं नीवु म्हणजे आपलं तुम्ही. आजवर त्यांनी मला कधी नीवु म्हटलं नव्हतं. मी त्यांना पँट्रीत गाठलं आणि म्हटलं, अक्का, असं नका बोलू माझ्याशी. त्यांनी कॉफी गाळली, एक पेला माझ्यापुढे सरकवला.

"मला ही जागा हवी होती," त्या म्हणाल्या. "नव्हती असं खोटं सांगणार नाही. वाईट वाटलं, अजून वाटतंय. पण तुझं काम मी अडवणार नाही. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणेन, इथे कॉफी पिताना तू."

मी कॉफी प्यायले. ती फार कडक होती. पण बाहेर पडले तेव्हा छातीवरचा दगड उतरला होता. माझ्याशी इतकं सरळ बोलणारं माणूस वॉर्डात आहे, तर मग बाकी सगळं जमेल असं वाटलं.

बाकी सगळं म्हणजे काय ते त्याच आठवड्यात कळलं. आमचं हॉस्पिटल मंडी मोहल्ल्याच्या कडेला आहे. समोरच्या गल्लीपलीकडे नवी इमारत उभी राहिली होती. जुन्या इमारतीतल्या विजेच्या तारा बदलायला काढणार होते, म्हणून माझे दोन्ही विभाग लवकरात लवकर पलीकडे न्यायचे होते. खाटा, कपाटं, यंत्रं हा भाग सोपा. पण बाळंतिणी आणि त्यांची बाळंही न्यायची होती, त्यातली काही वेळेआधी जन्मलेली, मुठीएवढ्या तोंडाची. आणि मधली गल्ली म्हणजे मंडीची गल्ली. पहाटेपासून कांद्याच्या आणि केळीच्या लॉऱ्या तिथे खाली होत.

बैठकीत ठरत होतं की एकेकीला अँब्युलन्समध्ये घालून मोठ्या रस्त्याने वळसा देऊन न्यायचं. मी म्हटलं, एवढ्या वाहनांत छोट्या बाळांना हादरे बसणार आणि दिवस मावळेपर्यंत वॉर्ड अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहणार. समोरचं दार दिसतंय, तर सरळ गल्ली ओलांडू. बाळ आईच्या छातीशी, आई व्हीलचेअरवर, सोबत एक सिस्टर. इन्क्युबेटरमधली बाळं सगळ्यात शेवटी, डॉक्टरांबरोबर. बाळांचे डॉक्टर म्हणाले, गल्ली मोकळी मिळाली तर हेच बरं. मेट्रन माझ्याकडे बघून म्हणाल्या, मग मिळव मोकळी.

मी बैठकीतून निघाले ती जवळजवळ पळतच. आधी रस्ता कसा आहे ते बघायला हवं होतं. अक्कांना म्हटलं, तुम्ही बाळंतीण व्हा. त्या लगेच व्हीलचेअरवर बसल्या, चादरीची वळकटी करून पोटाशी धरली, वर शाल घेतली. मी ढकलत निघाले. गल्लीत हमाल थांबून बघायला लागले. प्रत्येक खड्ड्याला अक्का तोंडाने सांगत, इथे टाके दुखले, इथे बाळ जागं झालं. गटारावरच्या फळीपाशी त्या म्हणाल्या, इथे मी उतरून घरी गेले. मी इतकी हसले की खुर्ची थांबवावी लागली.

कांद्याच्या एका व्यापाऱ्याने विचारलं, सिस्टर, हे काय चाललंय? मी सांगितलं. तो म्हणाला, लॉऱ्यांचं माझ्या हातात नाही, हमालांच्या मेस्त्रीला विचारा. मेस्त्री म्हणजे सगळ्या हमालांचा म्होरक्या, डोक्याला तांबडा टॉवेल गुंडाळलेला, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने ऐकून घेतलं. सकाळच्या लॉऱ्या थांबत नसतात, म्हणाला. माल उन्हात राहिला तर खराब होतो. मी म्हटलं, बाळंही उन्हात ठेवता येत नाहीत. त्याने डोक्याचा टॉवेल सोडून परत गुंडाळला आणि बघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामावर आले तर गल्लीतले खड्डे दगडाच्या चुऱ्याने बुजवलेले होते. गटारावरची फळी जाऊन तिथे लोखंडी पत्रा आला होता आणि त्यावर चाक घसरू नये म्हणून गोणपाट अंथरलेलं. कोणी काही बोलायला आलं नाही. मी पत्र्यावर दोन्ही पायांनी उभी राहून बघितलं, हलत नव्हता. तिथूनच मेट्रनना फोन केला, गल्ली मिळतेय.

आता बाळंतिणींची तयारी. बहुतेक जणी राजी होत्या, एक सोडून. ती एच. डी. कोटे तालुक्यातली, शेतावर काम करणारी, विशीतली मुलगी. तिचं बाळ फार लवकर आलं होतं. बरेच दिवस इन्क्युबेटरमध्ये काढून आता ते आईच्या छातीशी चिकटून वजन धरत होतं. खिडकीजवळची ती खाट तिला लाभली असं तिच्या मनाने घेतलं होतं. सासूचं म्हणणं, बारसं झाल्याशिवाय ओली बाळंतीण रस्ता ओलांडत नाही. मी समजावायला गेले आणि पाच वाक्यांतच मला कळलं की मी मॅनेजरसारखी बोलतेय आणि ती ऐकल्यासारखं करतेय. मी बोलणं सोडून बाळाचं दुपटं नीट केलं. मग तिनेच विचारलं, तिकडे खिडकी आहे का?

मला नुसतं आहे म्हणायचं नव्हतं. नुसतं बघून येतो असं सासूला सांगून बाळाला त्यांच्या छातीशी ठेवलं, अक्का त्यांच्याजवळ बसल्या आणि मी त्या मुलीला व्हीलचेअरवर बसवून, डोक्यावरून शाल देऊन, दुपारी गल्ली शांत असताना पलीकडे घेऊन गेले. नव्या वॉर्डात अजून रंगाचा वास होता. ती सगळ्या खिडक्यांपाशी गेली. एकीतून कडुनिंबाचं झाड आणि मंडीचे पत्रे दिसत होते. ती खाटेच्या कडेला बसली, हाताने गादी दाबून बघितली आणि म्हणाली, "ही माझी. दुसऱ्या कुणाला देऊ नका." परत येताना तिने सासूची शंकाही आपणच सोडवली. रस्ता तर ओलांडून झाला होता.

हलवायच्या दिवशी सकाळी हवेत गारवा होता. बाळांना लोकरीच्या टोप्या, दुहेरी दुपटी. मी जुन्या इमारतीच्या दारात आले आणि बघतच राहिले. लॉऱ्या गल्लीच्या तोंडाशी रांगेने उभ्या होत्या, इंजिनं बंद. गल्लीच्या दोन्ही बाजूंना हमाल उभे होते आणि सगळे पाठमोरे. मेस्त्रीने त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, बायकांना संकोच वाटू नये म्हणून. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एरवी ज्या गल्लीत आरडाओरड्याने कान किटतात तिथे फक्त चाकांचा आवाज येत होता. एकेक बाई बाहेर पडायची, आधी बिचकायची, मग त्या पाठी बघून शाल जरा सैल करायची.

एच. डी. कोट्याची मुलगी सगळ्यात पुढे होती. तसं तिनेच मागितलं होतं. मी तिच्याबरोबर चालत होते आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. गल्ली सहज पार झाली. नव्या इमारतीत शिरलो, लिफ्टचं बटण दाबलं आणि दिवे गेले.

जनरेटर सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. मागून दुसरी खुर्ची आली, तिसरी आली. फोन वाजला. मेट्रन जुन्या इमारतीत इन्क्युबेटरपाशी उभ्या होत्या. डॉक्टर तयार आहेत, बाळं काढू का, असं त्या विचारत होत्या. इतकी वर्षं अशा वेळी मी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायची. आता अक्का, दोन धाकट्या सिस्टर आणि तीन बाळंतिणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "इन्क्युबेटर जागचे हलवू नका. वीज येऊन वरचे वॉर्मर तापल्याशिवाय एकही बाळ निघणार नाही. ज्यांची बाळं छातीशी आहेत त्यांना येऊ द्या, आम्ही इथे खाली बसतो."

पलीकडून मेट्रन म्हणाल्या, ठीक, तू सांगशील तेव्हा. माझा आवाज कापला होता का ते मी नंतर अक्कांना विचारलं. थोडा, म्हणाल्या.

तळमजल्यावरचा रिकामा हॉल मग वॉर्ड झाला. अक्कांनी दारं लावून घेतली, पडदे नव्हते तिथे चादरी बांधल्या. एकीचं बाळ रडलं, ती पाजायला बसली, तिचं बघून दुसरी बसली. मी एच. डी. कोट्याच्या मुलीपाशी वाकून म्हटलं, थोडा वेळ लागेल, घाबरू नकोस. ती म्हणाली, "बाळ झोपलंय, सिस्टर. तुम्ही बसा जरा." आणि मी खरंच तिच्या शेजारी जमिनीवर बसले. सभोवार बायका हळू आवाजात कुणाला काय झालं, नाव काय ठेवणार, ते विचारत होत्या. वर खाटांवर असत्या तर एकमेकींशी इतक्या बोलल्या नसत्या.

वीजवाल्यांना दोष सापडला आणि दिवे आले. तरी मी वर जाऊन वॉर्मरवर हात ठेवून बघितला, थांबले, परत बघितला, आणि मग मेट्रनना फोन केला. इन्क्युबेटर आले तेव्हा ऊन गल्लीत उतरू लागलं होतं. बरोबर डॉक्टर होते, मेट्रन स्वतः होत्या. शेवटचं बाळ आत गेलं तसं मेस्त्रीने शिट्टी मारली, माणसं वळली, लॉऱ्या सुरू झाल्या आणि मंडीने राहिलेला सगळा आवाज एकदम काढला. आमचं एक बाळ दचकून रडलं, मग सगळी रडली. वॉर्ड भरला.

दुपारी मंडीतून केळ्यांचा एक अख्खा घड आला. कुणी पाठवला ते आणणाऱ्याने सांगितलं नाही. नव्या पँट्रीत गॅस अजून जोडलेला नव्हता, म्हणून कॉफी नव्हती. अक्का आणि मी केळी खात उभ्या होतो. मी त्यांना विचारलं, ड्यूट्या लावायचं काम माझ्याबरोबर कराल का, कुणाचं कसं जमतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांनी साल कचऱ्यात टाकली आणि विचार करून सांगते म्हणाल्या. दोन दिवसांनी हो म्हणाल्या, वर एक अट घातली. दिवसातून एका बाळाला तरी त्या स्वतः अंघोळ घालणार. ती अट अजून चालू आहे.

वॉर्ड हलवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला सोडायला दारापर्यंत आली आणि आज काय करणार म्हणून तिने विचारलं. मला नीट सांगता येईना. वॉर्डात पोचले तर धाकट्या सिस्टर माझी वाटच बघत होत्या. नव्या भिंतीवर बटणांच्या रांगाच रांगा आणि कुठलं कशाचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडम, पंख्याचं कुठलं? मॅडम, बाळांच्या बाजूचा दिवा कुठला? मी बाह्या सारल्या आणि पहिल्या टोकापासून एकेक बटण दाबायला सुरुवात केली. तिकडे खाटांवरून बायका सांगायला लागल्या, हा पेटला, तो फिरला, इकडे काही नाही.