चप्पल काढून येणारा प्लंबर

आमच्या पंचवटीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लश ओढला की पाणी नुसतं गोल फिरतं. तळमजल्यावरचा प्लंबर येतो, चक्क चप्पल काढून संडासात शिरतो, बादलीभर पाणी ओततो आणि डोळे मिटून उभा राहतो.

"पाणी कुठं अडलंय ते पायाला कळतं, सर."

गेल्या महिन्यात तो तसाच उभा असताना एकदम म्हणाला, "वरच्या बाबांनी सकाळपासून फ्लश ओढला नाय." आणि अनवाणीच वर धावला. वरच्या मजल्यावरचे म्हातारे बाबा बाथरूममध्ये पडले होते. वाचले.

मी एकटा राहतो. परवाच्या रविवारी लोळत पडलो होतो, तर आठला दार वाजलं. दारात तो, अनवाणी.

"काही नाय सर, तुमचा आवाज आला नाय."

आता मी रोज सातला फ्लश ओढतो. गरज नसली तरी.