रुक्मीला ओळखणारी माणसं

अक्का बँकेत जायला निघाल्या, की आधी रुक्मीला सजवायच्या. तेल लावून चापूनचोपून घातलेली वेणी, इस्त्रीची साडी, कपाळावर मोठी टिकली. स्वतः मात्र सकाळी शाळेत नेसलेल्या साडीतच असायच्या. मी नवी शिक्षिका म्हणून बिदरजवळच्या भालकीत आले आणि अक्कांच्या शेजारच्या खोलीत राहू लागले, तेव्हा पहिल्याच शनिवारी या मायलेकींना असं निघालेलं पाहून मला वाटलं, कुणाचं तरी लग्न असणार.

"कुठं निघालात अक्का?" मी विचारलं.

"ब्यांकेत. तू यायलीस का? चल, तुझंबी खातं काढू."

अक्का आमच्याच शाळेत गणित शिकवायच्या. रुक्मी लहान असतानाच त्यांचे यजमान वारले होते. रुक्मी मी पाहिली तेव्हा पंचविशीची होती, पण समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. बोलायची थोडंच. हसायची मात्र पुष्कळ.

अक्कांची खाती चार बँकांत होती. पगार एकीत जमा व्हायचा आणि तो तिथं नुसता पडून राहिलेला त्यांना खपायचा नाही. त्या काळी बचत खात्यात दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज मिळे. म्हणून दहाच्या आत भरणा करायचा आणि महिना संपेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. कुठं मुदतठेवीला अर्धा टक्का जास्त मिळतोय असं कानावर आलं, की जुनी पावती मोडावी का थांबावं, याचा हिशेब भाकरी थापता थापता चालायचा. दिवाळीत नव्या ठेवीवर भेटवस्तू मिळत. त्यांच्या घरातल्या घड्याळावर, डब्यांवर, पिशव्यांवर कुठल्या ना कुठल्या बँकेचं नाव असायचंच. शाळेत त्यावरून चेष्टा व्हायची. अक्का हसून म्हणायच्या, "पैसा निजला की दुखण्याला पडतंय बघा. त्याला हिंडवत ऱ्हावं लागतंय."

एकदा मी त्यांना म्हटलं, "सगळं एकाच बँकेत ठेवलं तर तुमची ही पायपीट वाचेल."

त्यांनी रुक्मीकडं पाहिलं. ती उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती.

"व्याज मिळतंय ते हायच. पण सुमन, मी मेल्यावर ह्या लेकराला घेऊन कोण तरी ब्यांकेत जाईल. अंगठा उठवील अन् पैसे उचलील. तवा समोरचा माणूस म्हणला पायजे की, 'थांबा, ही अक्काची रुक्मी, हिला बसवा, काय ते बघू.' एका ब्यांकेतल्या साहेबाची बदली झाली की संपलं. चार ठिकाणी कोण तरी एक ओळखीलच की."

त्यानंतर मी त्यांना बँकेत पाहिलं ते वेगळ्या नजरेनं. साहेबांशी त्या कन्नडमधून बोलायच्या, कॅशियरशी मराठीतून, शिपायाशी दखनी उर्दूतून; आणि प्रत्येकाला रुक्मीकडून नमस्कार करवायच्या. स्टेशन रस्त्यावरच्या बँकेत मस्तानभाई नावाचे वयस्क शिपाई होते. तिथं पैसे काढताना मिळणारं पितळेचं टोकन रुक्मी मुठीत घट्ट धरून बसायची. नंबर पुकारला तरी द्यायची नाही. मग मस्तानभाई खिशातली लिमलेटची गोळी पुढं करत. "बेटी, ये ले, वो दे." रुक्मी खूप विचार करायची आणि मग अदलाबदल व्हायची. मागं रांग खोळंबलेली असली तरी मस्तानभाई घाई करत नसत.

पुढं एका उन्हाळ्यात रुक्मीला ताप आला. तापात फिट आली. बिदरला नेलं. तिथून अक्का तिला परत घेऊन आल्या, ती चादरीत गुंडाळून. त्या रडल्या नाहीत. रुक्मीचे केस विंचरले, वेणी घातली, टिकली लावली. बँकेत नेताना सजवायच्या तशीच.

महिन्याभरानं त्या म्हणाल्या, "सगळीकडं वारस म्हणून तिचंच नाव हाय. बदलावं लागंल. तू येशील का संगं?"

पहिल्या बँकेतल्या मुलीनं हळू आवाजात विचारलं, "मग आता कुणाचं नाव घालू, अक्का?" अक्कांनी पेन मिटवून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "खातंच बंद करा." तसंच दुसऱ्या बँकेत, तसंच तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचंच, 'आज रुक्मी कुठंय?' आणि अक्कांना 'ती गेली' हे पुन्हा उच्चारावं लागायचं.

स्टेशन रस्त्यावरच्या बँकेच्या दारातच मस्तानभाई उभे होते. "बच्ची कैसी है अक्का? नहीं लाए?"

अक्का थांबल्या. मला वाटलं, आता सांगतील.

"अच्छी है," त्या म्हणाल्या. "घर में है."

मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते खातं त्यांनी बंद केलं नाही. पुढं दर शनिवारी त्या एकट्याच तिथं जाऊ लागल्या. काम काही नसायचं. किरकोळ रक्कम भरायची, नाहीतर काढायची. मस्तानभाई विचारायचे आणि अक्का सांगायच्या. कधी "सर्दी हुई," कधी "सोई है." मस्तानभाई तिच्यासाठी गोळी द्यायचे. ती अक्का पदराच्या टोकाला बांधून आणायच्या.

अक्का निवृत्त झाल्या, तेव्हा भावानं त्यांना लातूरला बोलावलं. जायच्या आधी त्या मला घेऊन बँकेत गेल्या. तोवर बँकेत कॉम्प्युटर आले होते. मस्तानभाईंचीही नोकरी संपत आली होती. त्यांनी विचारलं, "बेटी को बी लेके जाते ना लातूर? एक बार दिखा के जाओ."

अक्का बाकड्यावर बसल्या. "मस्तानभाई, वो नहीं रही. कबकी गेली रे ती."

मस्तानभाईंचा हात खिशातच राहिला. "और मैं हर हफ्ते पूछता था," ते म्हणाले. "तुमना कित्ता दुख हुआ होयेंगा. मेरेकू बोले कैकू नहीं?"

"तू तिचं इचारायचास," अक्का म्हणाल्या. "दुसरं कोणबी इचारत न्हवतं. तेवढ्यासाठीच येत होते मी."

आणि मग, इतक्या काळानंतर, त्या भर बँकेत मोठ्यानं रडल्या. मस्तानभाई त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसून राहिले. कॅशियरनं नंबर पुकारणं थांबवलं होतं.