मिस्त्रींचं राहून गेलेलं भाषण

दुकानातला बल्ब जरासा मंद झाला की मिस्त्री हातातली तांब्याची तार तशीच धरून वर बघायचे आणि म्हणायचे, "नाल्यापलीकडची मोटर लागली." बल्ब किती दबला आणि किती वेळ, यावरून ते मोटर कोणाची हेही सांगायचे. दारव्ह्यातल्या कोणालाही विचारा, मिस्त्री चुकल्याचं कोणी सांगणार नाही.

जळालेल्या मोटरपंपांचं वायंडिंग हा त्यांचा धंदा. मी तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचो. घरची मोटर घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी वॉर्निशचे डाग पडलेली वर्तमानपत्रांची कात्रणं पुढ्यात ठेवली. सगळी दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची.

"सर, हे ग्रह दिसतच नायी. तारा ठरावीक दिवसानं किंचित मंद होते, म्हणून कळते का समोरून कोणीतरी गेलं."

"तुमच्या बल्बासमोरून तर कोणी जात नाही, मिस्त्री."

"नायी जात. पण मंद काहून झाला, हे मी पायतो, ते शास्त्रज्ञही पायतात. धंदा एकच हाये." आणि मिशीतल्या मिशीत हसले.

ते सापडून आपल्याला काय, असं मी विचारलं. तेव्हा ते हसले नाहीत.

"आपल्या पृथ्वीसारखी दुसरी हाये का, हे माणूस कवाचा विचारून राह्यला. आता कुठं शोधता येऊन राह्यलं. अन् आपण नेमके याच टायमाले जिवंत हाओ. पोराईले हे सांगाले पायजे, सर."

"मग तुम्हीच सांगा. विज्ञान दिनाला या."

"नक्की?" त्यांनी दोनदा विचारलं. आठवड्याभरात तारा म्हणून एक बल्ब आणि ग्रह म्हणून दोऱ्याला बांधलेली सरकी तयार होती.

ते कपाशीचे वाईट दिवस होते. अळीनं शिवारंच्या शिवारं पोखरली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "लोकांच्या घरात कापूस नाही, अन् सातवी शिकलेला माणूस मुलांना आभाळ दाखवणार? बोंडअळीवर बोलणारं कोणी बोलवा." मी वाद घातला नाही. मिस्त्रींना जाऊन सांगितलं, कार्यक्रमच रद्द झाला. हे खोटं माझं स्वतःचं. ते मला कोणी बोलायला लावलं नव्हतं.

विज्ञान दिनाला बोंडअळीवरचे पाहुणे बोलायला उभे राहिले आणि माईक बंद पडला. शिपाई धावत गेला आणि मिस्त्रींनाच घेऊन आला. त्यांनी मुलांच्या रांगा पाहिल्या, फळ्यावरचं 'विज्ञान दिन' वाचलं, माझ्याकडे पाहिलं. खाली बसून वायर जोडली, माईकवर फुंकर मारली आणि तो पाहुण्यांच्या हातात दिला.

"बोला, साहेब."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. जाताना ते माझ्यापाशी थांबले. "वायर जुनी झाली, सर. बदलून घ्या."

पुढेही मी दुकानात गेलो की चहा यायचा. कात्रणं मात्र त्यांनी पुन्हा काढली नाहीत. यंदा बोलावू, असं मी दरवर्षी ठरवायचो, आणि कोणत्या तोंडानं, म्हणून पुढच्या वर्षावर ढकलायचो.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री वारले. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नी, भाभी, म्हणाल्या, "तुमच्या शाळंतल्या त्या कार्यक्रमाच्या दिवशी ते कोणाचंच काम धरत नव्हते, सर. दरसाल. मी विचारलं तं म्हणत, सर ऐन वेळेवर बोलावतीन, अन् माहे हात काळे असतीन."

मग त्यांनी मलाच विचारलं, "कायचा कार्यक्रम राहत होता हो सर, त्या दिवशी?"