टिकणारं नाव

सुईणीनं पदराला किती गाठी माराव्यात! एकेका बारशाची एकेक गोष्ट, आणि पदर आपला एकच. मी कल्याणची सुईण. इथपासून डोंबिवलीच्या खाडीपर्यंत निम्मी माणसं माझ्या हातांवर जगात आली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. ठमाकाकू भटीणबाईंनी चुलीत घालायला काढलेल्या जुन्या पंचांगांवरून अक्षरं शिकले. लोक हसले. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही. मला त्यांचंही येतं!

आमचं तिघींचं टोळकं. नावं काढायला ठमाकाकू, पोर काढायला मी, आणि खाडीकाठची बायजा. तीही सुईणच, मिठागरावरची, जिभेनं माझ्याहून तिखट. तिची सून सकू. सकूची तीन मुलं गेली होती. चौथ्या वेळी सातवा लागला तेव्हा ती माझ्या उंबऱ्यात येऊन बसली.

"मावशी, नाव सांगा. गोड नको. टिकणारं सांगा."

मग आम्ही तिघी बसलो विचार करायला.

*

ठमाकाकू म्हणाल्या, "धोंडू ठेवा. धोंडा म्हणजे दगड. दगडाला काळ कशाला उचलेल?"

मी म्हटलं, "काकू, दगडाचं मला सांगू नका!"

बारशाला आधी पाळण्यावरून-खालून वरवंटा फिरवतात, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत. मग आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. पारनाक्याजवळच्या एका घरी आत्या नवखी होती. घाईत तिनं खरं नाव, विष्णू, वरवंट्यालाच सांगितलं! सगळ्या हसल्या. पुन्हा सांगायला वाकली, तर पोर झोपलेलं. "राहू दे," म्हणाली सासू.

पोर वाढलं, धष्टपुष्ट झालं. पण "विष्णू!" म्हणून कितीही हाक मारा, मान वळवायचं नाही. कान चांगले होते. ताट वाजलं की धावत यायचं.

एकदा मी पाटावर बसले असताना आईनं हाक दिली, "विष्णू, अरे विष्णू!" पोर अंगणात गप्प. आणि स्वयंपाकघरात पाट्यावरचा वरवंटा आपसूक घरंगळत उंबऱ्यापर्यंत आला.

सासू शांतपणे म्हणाली, "कुणीतरी ओ देतंय ना? मग झालं!"

*

"मग नथू ठेवा," मीच म्हटलं. मुलाचं नाक टोचायचं, नथ घालायची, परकर नेसवायचा. काळ मुलगा न्यायला येतो, मुलगी बघून परत जातो. नथेवरून नथू.

असा एक नथू मी स्वतः टोचलाय. सहा वर्षांचा झाला. आई धीट झाली. एका दुपारी दारात कासार आला. कुणी बोलावलं नव्हतं.

"तुमच्या मुलीच्या मापाच्या बांगड्या आणल्यात."

आई तोऱ्यात म्हणाली, "आम्हाला मुलगी नाही. मुलगा आहे हो, मुलगा!"

कासारानं बांगड्या पुन्हा दोरीत ओवल्या. म्हणाला, "मग माझंच चुकलं. पुन्हा येईन."

त्याच्या पायात वहाणा नव्हत्या आणि अंगणातल्या ओल्या शेणावर पाऊल उठलं नव्हतं. आई रडत माझ्याकडे आली. मी सांगितलं, "नथ काढशील तर तुझे हात मोडीन!"

तो नथू आज कल्याण स्टेशनात कामाला आहे. ही मोठी मिशी! आणि मिशीवर नथ. गोरा साहेब विचारतो तेव्हा सांगतो, "आमची सुईण मारील."

*

सकू हसली नाही. म्हणाली, "मावशी, तिसऱ्याच्या वेळी आपण सुपडू केला होता."



सुपडू म्हणजे सुपातला. जन्मल्यावर पोराला सुपात घालून दुसरीला द्यायचं. आईचं राहिलंच नाही, तर आईचं नशीब त्याला लागत नाही. सकूचा तिसरा मीच मूठभर नाचणी देऊन घेतला होता. सव्वा महिन्यात गेला. माझ्या नावावर गेला.

ते सूप माझ्याकडे आहे. त्यात मी पाखडत नाही. तांदूळ ओतले की मधोमध एक खळगा पडतो, वाटीएवढा. इवलं डोकं टेकल्यासारखा. हातानं सारखा केला तरी पुन्हा पडतो.

*

शेवटी बायजा बोलली.

"काळाला फसवाचा धंदा पुरे झाला. फसत नाय तो. पोराला राखणदार द्या."

तिला तिच्या नवऱ्याचं नाव हवं होतं. तो मिठागराच्या बांधाचा राखणदार. जाऊन दोन वर्षं झाली होती. नाव खंडू. खंडोबाचा तो खंडू, खड्ग हाती घेऊन उभा राहणारा.

ठमाकाकू म्हणाल्या, "अगं, तू नवऱ्याचं नाव घेणार नाहीस, ही सासऱ्याचं घेणार नाही. नाव ठेवताय की पुरताय?"

बायजा म्हणाली, "पुरलेलंच टिकतं, बाय!"

मुलगा झाला. आत्यानं कानात सांगितलं. त्यानंतर त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. "बाळ, बाळ" म्हणून पोर तीन वर्षांचं झालं. सकूच्या अंगावर मांस चढलं.

*

पौषात मी बायजाकडे वस्तीला होते. सकाळी उठलो तर दाराबाहेर धुकं. स्वतःचा हात दिसेना. सकूचा नवरा रेलच्या कामावर गेलेला. आणि बाळ घरात नव्हतं.

मी, बायजा आणि सकू बांधावर धावलो. एका अंगाला मिठाची खाचरं, दुसऱ्या अंगाला भरतीची खाडी. "बाळा! ए बाळा!" सकूचा गळा फाटला. ओ नाही. मी घसा ताणून "खंडू!" म्हटलं. पाणी तेवढं वाजलं.

बायजा म्हणाली, "चकवा लागलाय त्याला. चकव्यातलं पोर आईच्या हाकेला येतं, आनि नावानंच येतं. सकू, नाव घे."

"आत्याबाई, मामंजींचं नाव..."

"घे म्हनते ना! पाप माझ्या डोक्यावर!"

सकूनं डोळे मिटले.

"खंडू!"

लगेच ओ आली. "आलो गं!" आवाज घोगरा होता. म्हाताऱ्या पुरुषाचा.

बांधावर धुक्यातून पोर येताना दिसलं. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडावर हसू. उजवा हात डोक्याच्याही वर, मूठ वळलेली. टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

सकूनं तोंडावर पदर ओढला आणि वाट सोडून बाजूला उभी राहिली.

बायजा कंबरेवर हात ठेवून पोराच्या डोक्यावरच्या धुक्याकडे बघत होती.

"जरा दमानं चाला की," ती खेकसली, "पोराचा हात उखडंल!"